मागेल त्याला काम : वऱ्हाडच्या मजुराच्या हक्काची हकीकत

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत धम्मावर, बाबासाहेबांच्या चरित्रावर आणि विहार कसा उभा राहिला त्यावर लेख असतात. ते असलेच पाहिजेत. या खेपेला आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या वस्तीत म्हातारी माणसं, परित्यक्ता बाया, कामाला जाणारे पोट्टे एकच प्रश्न विचारत असतात, ‘काकाजी, यादीत माह्यं नाव काहून नाही?’ यादी कधी निराधारची, कधी घरकुलाची, कधी कामाची असते. म्हणून गरिबाच्या आधाराचा हा इतिहास आम्ही एकाच बाजूने पाहणार आहोत : नाव लिहिणारा हात कोणाचा होता? त्यातही अमरावती-अकोल्याकडच्या मजुराला काय मिळालं आणि काय हुकलं, तेवढंच सांगणार आहोत.

काही विद्वान लिहितात की जुन्या गावगाड्यात सगळ्यांची सोय होती, कोणी उपाशी राहत नव्हतं. बलुत्याचं ते फार कौतुक करतात. आमच्या आज्याने ते बलुतं खाल्लं, म्हणून त्याबद्दल बोलायचा आम्हांला अधिकार आहे असं आम्ही समजतो. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि खळ्यावर जाऊन ‘जोहार मायबाप’ म्हणत उभं राहायचं. सुपातून काय पडेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. त्याला आधार म्हणायचं तर म्हणा, पण त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांनी ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावोगाव खळ्यावरचा वाटा बंद झाला, शेतातलं काम बंद झालं. शेकडो वर्षांची ‘सोय’ एका हंगामात संपली. ज्या आधारासाठी मान खाली घालावी लागते तो मान वर करताच निघून जातो.

दानधर्माला आम्ही नावं ठेवत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावोगाव खराटा घेऊन फिरले, धर्मशाळा बांधल्या, सदावर्तं चालवली आणि २० डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या मागे चौदाच दिवसांनी, अमरावतीजवळ वलगावला त्यांनी देह ठेवला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. असा माणूस शंभर वर्षांत एखादा होतो. पण सगळ्या मुलखाच्या उपाशी पोटांचा बंदोबस्त एखाद्या संतावर सोडता येत नाही, त्याला कायदा लागतो.

भगवान बुद्धांच्या उपदेशातही ही गोष्ट आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात एका राजाची कथा येते. राज्यात चोऱ्या-दरोडे माजले होते आणि राजाला मोठा यज्ञ करायचा होता. त्याचा पुरोहित म्हणतो, दंड करून हे थांबणार नाही. शेती करणाराला बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकरी करणाराला वेतन द्या, मग लोक आपापल्या कामाला लागतील. भिक्षा वाटायला तो सांगत नाही, बियाणं, भांडवल आणि वेतन द्यायला सांगतो. आम्हांला तर ही जगातली पहिली रोजगार योजनाच वाटते. इतिहासाचे पदवीधर हसतील, हसू द्या.

आता इंग्रजी अमलाकडे येऊ. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. काळी जमीन, कापसाचा पैसा, त्यामुळे हा मुलूख दुष्काळापासून सुरक्षित आहे असं साहेब लोक समजत. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० च्या दुष्काळाने तो समज मोडला. त्याआधीच सरकारने दुष्काळाचे नियम, म्हणजे फॅमिन कोड केले होते. त्याप्रमाणे रस्त्याची, तलावाची, खडी फोडायची कामं निघाली. पण त्यात मेख होती. दुष्काळ आहे की नाही ते सरकार ठरवणार, सरकारने जाहीर केल्याशिवाय काम नाही. मजुरी जीव जगेल इतकीच. काम मुद्दाम कष्टाचं आणि लांबचं ठेवायचं, म्हणजे खरोखर उपाशी असेल तोच येईल. याला ते कसोटी म्हणत. पाटलाच्या मर्जीऐवजी कलेक्टरची मर्जी आली. फरक पडला नाही असं नाही, माणसं वाचली. पण मागण्याचा हक्क मजुराला नव्हता.

तो विचार आपल्याकडे आणणाऱ्यांत बाबासाहेब पहिल्या रांगेत होते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. त्यानंतर आठच महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा देण्याच्या बिलावर ते बोलले, हे मात्र थोड्यांना माहीत असतं. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं यात देशाचं हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने घ्यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईवर दया करा असं ते म्हणाले नाहीत. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे जुलै १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यात आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ करण्याचं काम त्याच काळातलं. मजुरांच्या आजारपणाच्या विम्यावर प्रा. आडारकर यांचा अहवालही त्याच काळात, १९४४ साली आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो झाला. कायदा पास झाला तेव्हा मजूर खातं बाबू जगजीवनराम यांच्याकडे होतं, हेही सांगितलं पाहिजे.

ईएसआयचं तत्त्व चांगलं. मजुराच्या पगारातून थोडं कापायचं, मालकाने त्याहून जास्त भरायचं आणि आजारी पडला तर दवाखाना आणि अर्ध्याहून जास्त पगार. आम्ही गिरणीत लागलो तेव्हा ते कार्ड खिशात असलं की छाती फुगायची. पण वऱ्हाडच्या वाचकांनी त्या कायद्यातली एक ओळ लक्षात ठेवावी. कायदा सगळ्या कारखान्यांना लागू, ‘हंगामी कारखाने’ सोडून. हंगामी म्हणजे कोणते याची यादी कायद्यातच आहे आणि त्या यादीत पहिलंच नाव कपाशीच्या जिनिंगचं आहे, मग प्रेसिंगचं.

बाप्पा, वऱ्हाडात दुसरे कारखाने होते तरी कोणते? अकोला, अमरावती, बडनेरा, अचलपूर इथं सूतगिरण्या-कापडगिरण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि जिनिंग-प्रेसिंग तालुक्यातालुक्यात. जिनात रुईच्या धुळीत उभ्या राहणाऱ्यांत बायका किती आणि त्यांत आपल्या वस्तीतल्या किती, हे कोणाही अकोलेकराला विचारावं. गठाणीखाली पाय सापडणारा हमाल तोच, खोकला लागणारी बाई तीच. पण काम हंगामी, म्हणून विमा नाही. गिरणीतल्या सांचेवाल्याला कार्ड, त्याच्या बायकोला जिनात काही नाही, असं एकाच घरात चित्र होतं. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही कामगार विम्यातून हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत. शहाण्या माणसांनी केलेल्या चांगल्या कायद्याची कुंपणभिंत आपल्या दारासमोरून कशी जाते, याचं याहून दुसरं उदाहरण आम्हांला माहीत नाही.

मग शेतमजूर बाईचं काय? राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क, बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत सरकारी मदत, हे सगळं लिहिलं आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. त्या कलमाला हातपाय फुटले ते महाराष्ट्रात.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ साली हा प्रयोग सुरू केला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, इतका साधा. मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आपल्या वऱ्हाडातले, पुसदकडचे. १९७२ साली योजना राज्यभर नेण्याचं ठरलं आणि लगेच तो भयंकर दुष्काळ आला. मिलो आणि सुकडीचे दिवस आमच्या मोठ्या भावंडांना आठवतात. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. दुष्काळ सरला, पण मजुरांच्या संघटनांनी आणि डाव्या पक्षांनी विषय सरू दिला नाही. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने पास केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळ जाहीर व्हायची वाट पाहायची गरज उरली नाही. खेड्यातल्या अठरा वर्षांवरच्या कोणीही अर्ज द्यावा, पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला एक रुपयाच होता आणि तोही क्वचित कोणाच्या हातात पडला, पण कागदावर सरकार मजुराचं देणेकरी झालं. हे आधी कधी झालं नव्हतं.

या कायद्यात नाव लिहायला पाटील नको, दारिद्र्यरेषेचा दाखला नको, जातीचा दाखला नको. घाम गाळायला तयार असणं हाच दाखला. माणूस आपणच आपली निवड करतो. ज्याला गरज नाही तो मे महिन्याच्या उन्हात खडी फोडायला येत नाही. इंग्रजाची कसोटीही कष्टाचीच होती हे खरं. पण इथं दार कधी उघडायचं ते मजूर सांगत होता.

दर बाईमाणसाला आणि गड्यामाणसाला सारखा, मोजमापाप्रमाणे. त्या काळी शेतात बाईला गड्याच्या निम्म्या-पाऊणपट रोज मिळायचा. म्हणून कामावर बायकांची गर्दी झाली. आणखी एक गोष्ट पुस्तकात फार येत नाही. गावाशी बिनसलं, पाणवठ्यावरून नाहीतर भीमजयंतीच्या मिरवणुकीवरून भांडण झालं, की पहिला घाव रोजीवर यायचा, ‘उद्यापासून वावरात येऊ नका.’ त्या दिवशी रस्त्याचं काम चालू असेल तर चूल पेटायची. आमची माय अशा कामावर गेलेली आहे. ती म्हणायची, ‘मातीचं टोपलं जड होतं, पण त्याच्यासाठी कोणाच्या पाया पडा लागत नव्हतं.’

याचाच राग मोठ्या शेतकऱ्यांना होता. वेचणीला बाया मिळत नाहीत, रोहयोने मजूर माजवले, ही तक्रार तेव्हापासून चालू आहे.

पैसा कुठून आला हेही बघण्यासारखं आहे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, तो मुख्यतः या योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या, गिरणी कामगाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘व्य. कर’ असा रकाना असायचा. सोबतचे कामगार कुरकुरायचे. आम्ही त्यांना सांगायचो, बापू, हा पैसा तुझ्या गावाकडच्या वहिनीच्या टोपल्यात जातो. शहराने खेड्याचं, पक्क्या नोकरीवाल्याने कच्च्या मजुराचं थोडं देणं लागतं, हे कायद्याने मान्य केलं होतं. मात्र अमरावती-अकोल्यासारख्या शहरात ही हमी नव्हती. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले तेव्हा ज्यांनी वर्षानुवर्षे हा कर भरला त्यांच्यासाठी शहरात काम मागायचा अर्जच नव्हता. आमचे काही सोबती रिक्षा ओढायला लागले, काही बाजारात हमाल झाले.

योजनेचे दोष झाकायचे नाहीत. हजेरीपटावर खोटी नावं चढली, मेलेल्या माणसांनी मुरूम टाकला. कामासाठी किमान ५० मजूर पाहिजेत असा नियम, मग पंधरा घरांच्या वस्तीने काय करावं? खडी फोडून ढीग लावायचे आणि रस्ता व्हायचाच नाही. १९८८ साली मजुरीचे दर किमान वेतनाच्या पातळीला आणले, हा मोठा विजय. १९८२-८३ साली सुप्रीम कोर्टाने तर सांगितलंच होतं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारी आहे, आणि दुष्काळी कामालाही सूट नाही. पण दर वाढल्यावर काम निघणं कमी झालं. मग १९९० पासून योजनेत फळबागा आल्या. मोर्शी-वरूडकडे संत्र्याची झाडं लागली, चांगली गोष्ट झाली. पण बाग त्याची ज्याचं वावर. १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन लाखो माणसं तुरुंगात गेली ती जमिनीसाठी. जमीन थोड्यांनाच मिळाली आणि बिनजमिनीचा माणूस दुसऱ्याच्या बागेत खड्डे खणायला राहिला.

काम करू शकत नाही त्याचं काय, याला रोजगार हमीकडे उत्तर नाही. त्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विधवा, अपंग, परित्यक्ता, असाध्य रोगी यांना दरमहा काही रुपये. २०२३ साली ती रक्कम १,५०० रुपये झाली. इथं मात्र जुना हात परत आला. नावं मंजूर करायला तालुक्याची समिती, तिच्यावर नेमणूक सत्तेवरच्या पक्षाच्या माणसांची. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. राज्यात १५ वर्षे राहिल्याचा पुरावा. नवऱ्याने टाकलेली बाई भावाच्या घरी राहते, तिचं रेशनकार्ड नवऱ्याकडे आणि उत्पन्नाचा दाखला भावाच्या नावाने. तिने कोणाचा कागद दाखवायचा? पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या भटक्यांना पंधरा वर्षांचा पुरावा कोणी द्यायचा? ज्याची गरज सर्वांत मोठी त्याचे कागद सर्वांत कमी, हे दाखला मागणाऱ्याला कळत नाही असं नाही.

कागदाची ही मार आपल्या समाजाला नवी नाही. धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींतून आपलं नाव गेलं. महाराष्ट्र सरकारने १९६० साली राज्यातल्या सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडलं. माणूस तोच, गरिबी तीच, शिवताशिवत तीच, फक्त एका रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं म्हणून चौतीस वर्षे बाहेर. म्हणून यादी, रकाना, दाखला हे शब्द ऐकले की आपल्या लोकांचे कान टवकारतात.

२००५ साली महाराष्ट्राच्याच कल्पनेवर देशाचा रोजगार हमी कायदा झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला, त्यात अमरावती जिल्हा होता. मजुरीचा पैसा केंद्राने द्यायचा, म्हणून कामं वाढली. पण आपल्या जुन्या कायद्यात हक्क एकेका माणसाचा होता, नव्यात शंभर दिवस सगळ्या कुटुंबात मिळून. सासू, सून आणि मुलगा यांनी ते वाटून घ्यायचे. त्यापुढच्या दिवसांचा खर्च राज्याने उचलायचा असं होतं, ते किती गावांत सांगितलं गेलं ते सोडा. मग कामावर दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो आला. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारला जोडलेल्या खात्यावरच, अशी सक्ती झाली. जॉबकार्डावर ‘रमाबाई’ आणि आधारवर ‘रमा’ असेल तर काम केलेलं असूनही पैसा अडकतो. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात, जिथं मोबाईलला रेंज नाही, तिथल्या कोरकू मजुराचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पूर्वी खोटी नावं हजेरीपटावर चढत, आता खरी नावं गळतात. चोर पकडायला लावलेल्या कुलपाने घरधनीच बाहेर राहिला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले आहेत. पण मजुरीच्या खर्चात राज्यांना ४० टक्के वाटा घालायचा आहे. कोणत्या राज्याला वर्षाला किती पैसा ते केंद्र आधीच ठरवणार, त्यावर खर्च गेला तर तो राज्याचा. मागणीप्रमाणे पैसा हे पागेसाहेबांच्या कल्पनेचं मूळ होतं. आता पैसा किती त्यावर मागणी बसवायची आहे.

आणि त्यात आणखी एक कलम आहे. पेरणी आणि कापणीच्या ऐन दिवसांत, सगळे मिळून ६० दिवस, या कायद्याखालचं काम बंद ठेवायचं. ते दिवस राज्य सरकार जाहीर करणार. शेतकऱ्याला मजूर मिळावेत हे कारण सांगितलं आहे. कापूस पिकवणारा लहान शेतकरीही अडचणीत आहे हे आम्ही जाणतो, आमचे सोयरे शेतकरी आहेत आणि वऱ्हाडातल्या आत्महत्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी जी मागणी मोठे वावरवाले करत होते, ती आता कायद्यात लिहिली गेली. वऱ्हाडात वेचणी किलोवर असते. रस्त्याचं काम चालू असलं की शेतमालक किलोमागे दर वाढवून सांगतो, बंद असलं की सांगेल तो दर घ्यावा लागतो. हा हिशेब आपल्या वस्तीतल्या निरक्षर बायाही तोंडी करतात. ६० दिवस कोणते धरायचे ते ठरवताना त्यांना कोणी विचारणार आहे का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायचं काम वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींचं आहे. ग्रामसभेची सूचना पंचायतीच्या फळ्यावर लागते, ती आधी वाचून ठेवावी.